मुलांच्या गालावरचे पांढुरके चट्टे: घरी काय करायचं, काय टाळायचं

गालावर रुपयाएवढा फिकट चट्टा. कडा नेमकी कुठे संपते ते सापडत नाही, बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते. मुलाला त्याचं काही सोयरसुतक नसतं, घरातल्या मोठ्यांची झोप मात्र उडालेली असते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या औषधाच्या दुकानात असे पालक दोन हंगामांत हमखास येतात. एक, दिवाळी सरून थंडी पडायला लागली की, आणि दुसरा, एप्रिल-मेमध्ये पोहण्याचे क्लास सुरू झाले की. मोबाइलमधला फोटो काउंटरवर पुढे येतो आणि मागणी एकच असते, "यावर एखादी ट्यूब द्या ना."

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या रोज हाताखालून जातात, आणि त्या वाचून एक गोष्ट पक्की कळली आहे. या चट्ट्यांना औषध थोडं लागतं, वेळ भरपूर लागतो, आणि जो काही घोळ होतो तो वेळ द्यायची तयारी नसल्यामुळे होतो. पहिल्यांदाच हा प्रकार बघत असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी हे आहे काय

लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या कोरड्या, पांढुरक्या चट्ट्यांचं नेहमीचं कारण म्हणजे पिटिरियासिस अल्बा. हा इसबाचाच एक अगदी सौम्य प्रकार मानतात. साधारण ३ ते १६ या वयात तो दिसतो. घरात कुणाला दमा, इसब किंवा सकाळी उठल्यापासून शिंकांचा त्रास असेल तर त्या घरातल्या मुलांत जास्त. पण ज्यांच्या घरात यातलं काहीच नाही, त्यांच्याही मुलांना होतो. हा संसर्ग नाही. एका टॉवेलने तोंड पुसल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा डब्यातलं खाल्ल्याने तो कुणाला होत नाही.

होतं असं की त्वचेचा वरचा थर कोरडा पडतो आणि आत बारीकशी सूज येते. सुरुवातीला चट्टा थोडासा गुलाबी असतो. सावळ्या गालावर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. या सुजेमुळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि जे रंगद्रव्य तयार होतं तेही शेजारच्या पेशींपर्यंत नीट पोचत नाही. तेवढा भाग फिकट दिसू लागतो. पेशी मात्र जागेवर आणि जिवंत असतात, म्हणून रंग परत येतो. कोडामध्ये या पेशीच नष्ट होतात. फरक मुळातच तिथे आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कोरडेपणा आणि फिकटपणा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी मिटतात. नीट काळजी घेतली तर खरखर दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला हवी. रंग भरून यायला काही महिने लागतात, कधी वर्षही लागतं, आणि मधेच नवा चट्टाही उगवतो. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून दहाव्या दिवशी "काही फरक नाही हो" असं म्हणत पालक दुसरी ट्यूब मागायला येतात. गालाला हात लावून पाहिलं तर कातडी मऊ झालेली असते. म्हणजे पहिल्या क्रीमने आपलं काम केलेलं असतं. राहिलेला रंग कुठल्याच क्रीमने दहा दिवसांत येणार नसतो.

पहिली पायरी: उजेडात नीट बघा

सकाळी आंघोळीच्या आधी मुलाला गॅलरीत किंवा खिडकीपाशी उभं करा. तोंडाला पावडर, क्रीम, तेल काही नको. ट्यूबलाइटखाली रंगाचा अंदाज चुकतो, रात्री अकरा वाजता तर बघूच नका; निम्मी भीती तिथेच तयार होते.

पिटिरियासिस अल्बाचा चट्टा गोल, लांबट किंवा वेडावाकडा असतो, अर्ध्या सेंटिमीटरपासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत. रंग खडूसारखा पांढराफेक नसतो, आजूबाजूच्या कातडीपेक्षा एक-दोन छटा फिका असतो, आणि कडेला हळूहळू विरत जातो. जागा बहुधा गाल, हनुवटी, तोंडाच्या आजूबाजूला. काही मुलांना दंडावर, मानेवर, खांद्यावरही. एकच असेल असं नाही, चार-पाच असणं नेहमीचंच.

मग खोलीत थोडा अंधार करून मोबाइलचा टॉर्च गालाला जवळजवळ समांतर धरा. समोरच्या उजेडात न दिसणारा बारीक कोंडा तिरप्या उजेडात लगेच उठून दिसतो. बोटाचं पेर चट्ट्यावरून बाहेरच्या कातडीवर आणि पुन्हा आत असं फिरवा. खरखर कुठे सुरू होते ते कळतं. जुन्या चट्ट्यावर कोंडा नसेलही. तो नुसताच गुळगुळीत आणि फिका राहिलेला असू शकतो, रंग भरायची वाट बघत.

त्याच बैठकीत कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्या बघून घ्या. तिथे खाज, लाली, जाडसर कातडी असेल तर मुलाची प्रकृती इसबाची आहे आणि काळजी नुसत्या गालाची घेऊन भागणार नाही. मूल सारखं ओठांवरून जीभ फिरवतं का, हेही पाहा. थंडीत ही सवय फार मुलांना असते आणि तोंडाभोवतीचा कोरडेपणा त्यातून वाढतो.

फोटो काढा, पण मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करून. तो मोड कातडी आपोआप गुळगुळीत करतो आणि नेमकं जे बघायचं तेच पुसून टाकतो. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळेला एक फोटो पुरे. रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही, फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

यातलं काही असेल तर घरी प्रयोग नकोत

डाग दुधासारखा किंवा खडूसारखा पांढरा, कडा रेखीव, कातडी गुळगुळीत, आणि जागा ओठांच्या कडा, पापण्या, बोटांची टोकं किंवा गुडघे. किंवा डागातले केसही पांढरे. ही लक्षणं कोडाकडे बोट दाखवतात. कोडही संसर्गजन्य नाही आणि त्यावर उपचार आहेत. लवकर सुरू केलेले जास्त उपयोगी पडतात. सहा वर्षांच्या मुलीच्या गालावरचा डाग बघून "हिच्या लग्नाचं कसं होणार" असं काउंटरवर, तिच्या देखत म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. डाग पिटिरियासिसचा असो की कोडाचा, ते वाक्य मुलीच्या लक्षात राहतं.

कडा लाल, उंचावलेली, मध्यभाग त्यामानाने मोकळा, भरपूर खाज आणि डाग बाहेरच्या बाजूला पसरतोय, तर तो नायटा असू शकतो. नायटा बुरशीचा असतो, तो पसरतो, त्याचा टॉवेल वेगळाच ठेवायचा आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं. शिबं हाही बुरशीचाच प्रकार, पण तो मोठ्या मुलांत छाती, पाठ, मान या घाम येणाऱ्या जागी जास्त दिसतो. नखाने हलकं खरवडलं तर त्यातून कोंडा सुटतो. लहान मुलांत तो चेहऱ्यावरही येतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही.

फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, कातडी बधिर वाटत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. इथे एक खाचखळगा आहे: चेहऱ्याला मज्जातंतूंचं जाळं दाट असल्यामुळे तिथल्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते. त्यामुळे कापूस फिरवून घरच्या घरी "नाही, कळतंय त्याला" असा निकाल देऊ नका. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर मूल पूर्ण बरं होतं.

जन्मापासून असलेला आणि मुलाबरोबर मोठा होत गेलेला फिका डाग बहुधा निरुपद्रवी जन्मखूण असते, पण एकदा दाखवून ठेवा. असे तीन किंवा जास्त डाग अंगावर असतील, विशेषतः लांबट पानाच्या आकाराचे, आणि मुलाला फिट्स येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना तातडीने भेटा. चट्ट्यातून पाणी येत असेल, पिवळी खपली धरत असेल, पाठीवर-मांड्यांवरही चट्टे वाढत असतील, किंवा मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तरीही थांबू नका.

यातलं काही नसेल, तर पुढची काळजी घरी सुरू करायला हरकत नाही.

दुसरी पायरी: आंघोळ

पुण्याच्या थंडीत पहाटे दहा अंशांच्या आसपास पारा उतरतो आणि हवा कोरडी असते. अशा सकाळी शाळेची बस गाठायची, म्हणून कढत पाण्याची बादली आणि तोंडाला खसाखसा साबण. गालाचं नुकसान इथेच होतं. पाणी दही लावायच्या दुधाइतकं कोमट हवं, आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपलेली. साबण काख, जांघा, हात-पाय, मानेच्या घड्या इथे लावा. गालांना रोज साबण लागतच नाही. नुसतं पाणी पुरतं.

साबण बदलायचाच असेल तर पाकिटावर ‘सिंडेट बार’ (म्हणजे साबणासारखीच, पण साबण नसलेली सौम्य वडी) आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.५ च्या आसपास लिहिलेला घ्या; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. आपल्याकडच्या साध्या साबणांचा पीएच बहुधा ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचा स्वतः थोडी आम्लधर्मी असते. ‘बेबी’ किंवा ‘हर्बल’ हे शब्द पाकिटावर असल्याने यात काही फरक पडत नाही. वासाचा तर अजिबात नको.

पाण्याबद्दल बरेच जण विचारतात. वाघोली, उंड्रीसारख्या भागांतल्या सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं आणि ते जड असतं. जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही, त्याचा पांढरट थर कातडीवर राहतो आणि कोरडेपणा वाढतो. उपाय सोपा आहे: साबण कमी, धुणं जास्त, आणि शेवटी प्यायच्या पाण्याचा एक तांब्या चेहऱ्यावर. केवळ एवढ्यासाठी बाथरूमला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा कमी करणारं यंत्र, बसवायची घाई करू नका. इसब असलेल्या मुलांवर इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत सॉफ्टनरचा वेगळा फायदा दिसला नव्हता.

पुसताना घासायचं नाही, टॉवेल नुसता टेकवत टिपायचं. कातडी थोडी ओलसर असतानाच पुढची पायरी.

तिसरी पायरी: मॉइश्चरायझर, आणि हेच खरं औषध

लोक याला औषध मानत नाहीत, हीच अडचण. ‘नुसतं क्रीम दिलंय हो डॉक्टरांनी’ असं म्हणत चिठ्ठी पुढे सरकवतात आणि वर "काहीतरी जोराचं द्या" म्हणतात. कोरडी, फटी पडलेली कातडी सांधणं हेच इथलं मुख्य काम आहे आणि ते स्निग्ध क्रीमनेच होतं.

काय घ्यायचं? सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. चिकट वाटते, म्हणून रात्री लावायला उत्तम. दिवसा लावायला लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिन असलेलं क्रीम, किंवा ग्लिसरीन, सेरामाइड असलेलं बिनवासाचं क्रीम. मलम जास्त घट्ट, क्रीम मध्यम, लोशन पातळ असा क्रम लक्षात ठेवा: थंडीत घट्टाकडे, मेच्या घामात पातळाकडे. महागडी बाटली घेऊन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा साधं क्रीम सढळ हाताने लावलेलं चांगलं. खोबरेल चालतं का? मुलाला सोसत असेल तर जरूर चालतं, मात्र सुगंधी किंवा औषधी घातलेलं नको. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल गालाला नको. मोहरीचं झोंबतं आणि ऑलिव्हचं कातडीचं संरक्षक आवरण आणखी सैल करतं.

कसं लावायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण इथे हात आखडतो. आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांच्या आत लावा. क्रीम बोटावर न घेता गालावर, हनुवटीवर, कपाळावर छोटे छोटे ठिपके ठेवा आणि खालच्या दिशेने अलगद पसरवा. रगडून जिरवू नका. चट्ट्यापुरतंच नको, पूर्ण चेहऱ्याला. आज जिथे चट्टा नाही तिथली कातडीही त्याच मुलाची आणि तितकीच कोरडी आहे. मिनिटभराने बोट लावलं तर हलका ओशटपणा जाणवायला हवा. कातडी लगेच कोरडी ठक्क लागली तर कमी पडलं. दिवसातून दोनदा तरी, थंडीत शाळेतून आल्यावर तिसऱ्यांदा. ओठ चाटणाऱ्या मुलाला ओठांभोवती जेलीचा थर द्या, झोपताना तर नक्की.

डबा असेल तर त्यात प्रत्येकाची बोटं जाऊ देऊ नका, स्वच्छ चमच्याने काढून घ्या.

आणि शाळेत जाताना तोंडाला पावडर? ती सवय काही महिने तरी बंद ठेवा. पावडर कोरड्या गालावरचा उरलासुरला ओलावा शोषून घेते, आणि पांढऱ्या चट्ट्यावर पांढरी पावडर बसली की दिसायचं तेच आणखी दिसतं.

चौथी पायरी: ऊन

उन्हाळ्यात चट्टे वाढले असं वाटतं. बरेचदा चट्टा तेवढाच असतो, भोवतालची कातडी रापलेली असते आणि चट्टा रापत नाही; फरक वाढतो. म्हणून सनस्क्रीनही चट्ट्यापुरतं लावून उपयोग नाही, पूर्ण चेहऱ्याला आणि मानेला लावायचं. एसपीएफ ३०, झिंक ऑक्साइडवालं, बिनवासाचं. बाहेर पडण्यापूर्वी साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि मैदानावर किंवा पाण्यात असेल तर दोन तासांनी पुन्हा. मॉइश्चरायझर आधी, ते बसलं की वरून सनस्क्रीन. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली द्या. कडेची टोपी मुलं घालत असतील तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

पोहणं बंद करायचं कारण नाही. डेक्कनवरच्या टिळक टँकपासून सोसायटीच्या छोट्या टाकीपर्यंत क्लोरीन सगळीकडेच असतं आणि ते कातडी कोरडी करतं; पाण्यात उतरण्याआधी गालांना क्रीमचा थर, बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्याचा शॉवर आणि पुन्हा क्रीम. दुपारच्या बॅचऐवजी सकाळची किंवा संध्याकाळी उशिराची घेता आली तर ऊनही टळतं. रंगपंचमीला हेच: खेळायला जाण्याआधी जेली, नंतर रंग काढायला घासणी नाही, तेल लावून सावकाश.

ट्यूबबद्दल

चट्टा लाल, खाजरा असेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड देतात, किंवा दोन वर्षांच्या पुढच्या मुलांत स्टेरॉइड नसलेलं ०.०३ टक्के टॅक्रोलिमस. ते ठरवून दिलेल्या दिवसांसाठी, ठरवलेल्या जागी. मात्रेचं माप असं असतं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली क्रीमची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. मुलाच्या गालावरच्या एका चट्ट्याला त्यातला छोटा ठिपका बास. कोंडा गेला, लाली गेली, की हे औषध थांबतं आणि मॉइश्चरायझर चालू राहतं. टॅक्रोलिमस लावल्यावर पहिले काही दिवस चुरचुरतं. मुलाला आधी सांगून ठेवा.

घोळ होतो तो दुसऱ्याच ट्यूबांनी. शेजारणीने सुचवलेली, आजोबांच्या नायट्याची उरलेली, कुणी तरी ग्रुपवर टाकलेली. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे आणि बहुतेक मुलाच्या गालासाठी फार जोराचं. त्यातही एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक असं तिहेरी मिश्रण असेल तर ती चेहऱ्याच्या आसपासही नको. दोन दिवसांत फरक दिसतो, लोक खूश होतात, लावत राहतात. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, तोंडाभोवती पुरळ येतं. डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढण्याची भीती. चट्टा मुळात नायट्याचा असेल तर त्याचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. आणि गंमत म्हणजे जोरदार स्टेरॉइड स्वतःच कातडीचा रंग फिका करतं. ज्यासाठी लावलं तेच वाढतं. २०१८ साली केंद्र सरकारने बाहेरून लावायच्या बऱ्याच स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती आणली, ती उगीच नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर डाफरू नका.

गोरेपणाच्या क्रीममध्ये तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूटही सापडतं. मुलांना कधीच नाही.

आजी काय म्हणते

आजी म्हणते, जंत आहेत. जंतांचा आणि या चट्ट्यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. मुलाला जंताचं औषध द्यावं, ते वेगळ्या कारणासाठी: राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत-अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात, तिथे ते घेऊ द्या. चट्टा गेला नाही म्हणून दर महिन्याला दुकानातून गोळी नेण्यात अर्थ नाही.

दुसरा क्रमांक कॅल्शियमचा. पांढरं दिसलं की कॅल्शियम कमी, असा हिशेब घरोघरी आहे. तसं काही नाही. सिरपच्या बाटल्या संपवून चट्टा जात नाही. दही, ताक, चिंच, आंबट बंद करण्याचीही गरज नाही. मूल थकलेलं, निस्तेज दिसत असेल, वजन वाढत नसेल तर रक्त तपासा, पण तो प्रश्न निराळा.

लिंबू, बेसन, मुलतानी माती, खरखरीत उटणं या सगळ्यांनी कोरडी कातडी आणखी कोरडी होते. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला उटणं जरूर लावा, गाल तेवढे सोडा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. सगळ्यांत धोकादायक बावची. पांढऱ्या डागांवर म्हणून बावचीचं तेल किंवा चूर्ण काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतं. त्यात सोरालेन असतं, ते कातडीला उन्हाबाबत हळवं करतं. त्यावर पुण्याचं एप्रिलचं ऊन पडलं तर फोड येतात. कोडाच्या उपचारात सोरालेन देखरेखीखाली वापरतात, म्हणून ते कुठल्याही पांढऱ्या डागाचं औषध ठरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. सहा ते आठ आठवडे वरची काळजी नियमित घेऊनही खरखर तशीच असेल, चट्टे पसरत असतील, किंवा तुम्हाला चैनच पडत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. खर्चाचा प्रश्न असेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससूनमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम रुग्णालय जवळ पडतं. सकाळी लवकर जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा मुलं तपासायला येतं. त्यांनाही चट्टा दाखवता येतो.

त्या सकाळी चेहऱ्याला काही लावू नका. आजवर जे काही लावलं ते सगळं पिशवीत घालून न्या, लाज वाटणारी ट्यूबसुद्धा. "एक पांढरी ट्यूब होती" यावरून कुणालाच काही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी काढलेले ते फोटो दाखवा. घरात दमा, ॲलर्जी कुणाला आहे ते सांगा.

बहुतेक वेळा डॉक्टर नुसतं बघून ओळखतात. शंका असली तर अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प नावाचा दिवा धरतात: कोडाचा डाग त्यात निळसर-पांढरा झगमगतो, कडा स्वच्छ दिसते, पिटिरियासिस अल्बा त्यात तसा उठून येत नाही. बुरशीची शंका असेल तर कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, मिनिटभराचं काम. मात्र आधीच बुरशीचं मलम लावत असाल तर तपासणी फसवी येते, म्हणून तसं स्पष्ट सांगा.

शाळा आणि पुढचा हंगाम

वर्गातली पोरं "तुला कोड झालाय" म्हणून चिडवतात, आणि एखादी आई आपल्या मुलाला बाक बदलून मागते. वर्गशिक्षिकेला दोन ओळींची चिठ्ठी द्या: कोरडेपणाचे चट्टे आहेत, संसर्ग नाही, औषध चालू आहे. मुलाला एक वाक्य शिकवून ठेवा, "माझी स्किन कोरडी आहे, क्रीम लावतोय." बहुतेक मुलं तेवढ्यावर गप्प बसतात. घरी पाहुण्यांसमोर गाल धरून दाखवण्याचा कार्यक्रम मात्र बंद करा.

वयात येईपर्यंत हे चट्टे बहुतेकांचे कायमचे जातात. तोवर ते अधूनमधून परततात, म्हणून ऑक्टोबर संपता संपता, चट्टा दिसायची वाट न बघता, दोन वेळचं मॉइश्चरायझर सुरू करा आणि मार्चपासून सनस्क्रीन. परतलेला चट्टा जुन्यासारखाच दिसतोय का, हे जुन्या फोटोशी ताडून बघा. वेगळा दिसला तर दाखवून घ्या. गेल्या वर्षीची उरलेली हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब फ्रीजच्या दारातून काढून आपल्या मनाने लावू नका, आधी डॉक्टरांना फोन करा, आणि त्यांनी हो म्हटलं तर ट्यूबच्या टोकाला दाबून छापलेली मुदत बघा.